पाण्यातलं इंजन

गंगापूर धरणावर बोटी चालायच्या, तिथं मी राखणदार होतो. मालकानं कुणाची तरी वापरलेली वॉटर स्कूटर आणली आणि ती बुडाली. आम्ही दोर लावून ओढायला लागलो, तेवढ्यात मालकानं बोलावलेल्या मालेगावच्या मिस्त्रीचा फोन आला, "काढू नका. मी येईपर्यंत पाण्यातच राहू द्या. हवा लागली की गंज धरतो." मला वाटलं, याचं डोकं फिरलंय.

माणूस तसाच होता. कुणाला रामराम नाही, चहा नको. आला, स्कूटर वर ओढवली, प्लग काढले, इंजन उलटं करून पाणी सांडू दिलं, आत तेल सोडलं. मग हातानं फिरवत, स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून ऐकत बसला. संध्याकाळी इंजन धडधडलं तेव्हा माझ्याकडं बघून त्याच्या अहिराणीत एवढंच बोलला, "जित्तं शे, बाबा." जिवंत आहे म्हणे.

पुढं माझी बायको गेली. दहाव्याला तो आला. पोरं मला पुण्याला न्यायला निघाली होती. "आबा, इथं एकटे काय करणार?" हा कोपऱ्यात सुपारी कातरत बोलला, "घाई नका करू. ओढून काढाल तर म्हातारा गंजून जाईल. राहू द्या त्याला त्याच्या घरात."

माझ्या मनातलं तेवढं त्यालाच कळलं होतं.

पोरांनी लगेच ऐकलं. सुनेनं भरलेली माझी पिशवी लगेच रिकामी केली. त्याला आता वर्षं झाली, पुन्हा मला न्यायला कुणी आलं नाही. मिस्त्री अजून धरणावर येतो, माझ्या दारावरून जातो. इंजनाला तो 'मी येईपर्यंत' म्हणाला होता. माझ्या वेळी तेवढं म्हणाला नाही.