कुंभिवलीचं आंबवण

पुण्याहून घाट उतरताना मी खुशीत होते. आमच्या प्रयोगशाळेत घरगुती आंबवलेल्या पदार्थांतले जिवाणू वेगळे करून कर्करोगाच्या पेशींवर सोडतात. काचेच्या बशीत काहींनी त्या पेशींची वाढ रोखलीही आहे. कुंभिवलीच्या यमुनाबाईंना मी हे फोनवर जरा फुशारकीनंच सांगितलं होतं. त्यांच्या आंबिलीचं (नाचणीच्या आंबट पेजेचं) मडकं सासूच्या काळापासून कधी पुरतं रिकामं झालेलं नव्हतं. तळाशी वाटीभर आंबवण राखायचं, त्यातच नवं पीठ कालवायचं. तेच आंबवण तपासायला न्यायचं म्हणून मी निघाले होते.

महामार्गावर एसटीतून उतरले आणि ट्रेलरांची धूळ खात घर गाठलं. यमुनाबाई दारातच उभ्या होत्या.

‘जय भीम, या! तुमी येनार म्हनून मडकं राखेनं घासलं, उकळत्या पान्यानं धुतलं. हुतं ते समदं शिजवलं.’

मी काढलेली बाटली परत पिशवीत ठेवली. जिवाणू एकजात शिजले होते. आंबील मात्र फक्कड झाली होती. सुक्या बोंबलाबरोबर दोन वाट्या प्यायले.

‘सुरेखाकडं हाय की थोडं,’ त्या म्हणाल्या. ‘माजी धाकटी जाऊ. मीच दिलंय तिला.’

सुरेखा मागच्याच घरात राहते; यमुनाबाई मला तिथं घेऊन गेल्या. डोक्याला रुमाल, छातीच्या कर्करोगावर उपचार चालू. तिनं आंबवणाची वाटी पुढं केली.

‘ताई, यानं गाठ जाते ना? मग उद्याचं सलाईन सोडते मी. लय उलट्या व्हतात.’

माझी फुशारकी फिरून इथवर आली होती. मला स्वतःचाच राग आला.

‘नाही जात,’ मी ठासून सांगितलं. ‘बशीतल्या पेशी वेगळ्या, माणूस वेगळा. केमोचं सलाईन सोडायचं नाही. उलट्यांवर गोळ्या असतात, डॉक्टरांकडं मागा. आणि हे कच्चं आंबवण सध्या चालेल का, तेही विचारा.’

‘मग तुमी कशाला नेता?’

‘याचं औषध होईल का, ते शोधायला. मला वाटतं, काहीतरी निघेल. पण त्याला वर्षं लागतील. तुम्ही तेवढं थांबायचं नाही.’

 सुरेखानं अर्धं आंबवण माझ्या बाटलीत ओतलं. उरलेलं यमुनाबाईंच्या हातात दिलं.

‘बाय, मडक्यात टाक गं. बरी झाले का मागून घेईन. आनि उद्या संगती ये.’

परतताना घाटात शीतपेटी मांडीवर धरून बसले होते. कामावरचा माझा विश्वास तसाच आहे. फक्त यापुढं अर्धंच सांगून फोन ठेवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी बाटली समोर ठेवून मी आधी कुंभिवलीला फोन लावला.

‘दवाखान्यात हाय आमी,’ यमुनाबाई म्हणाल्या. ‘सलाईन लागलं तिला.’

मग मी बाटली उघडली.