मामीचा कॉम्प्युटर कोर्स

जगात ज्या ज्या गोष्टी निव्वळ विश्वासावर चालतात, त्यांतली एकही माझ्या मामीसमोर कधी धड टिकली नाही. दूधवाल्याचं ‘ताजं आहे’, डॉक्टरचं ‘काही विशेष नाही’, ज्योतिषाचं ‘पुढचा काळ चांगला’, सरकारचं ‘लवकरच’, या सगळ्यांना मामीचा एकच प्रश्न असे, “तुम्ही स्वतः बघितलं का?” मी गॅस बंद केला म्हटलं, की ती विचारायची, “बघितलंस, का नुसती नॉब फिरवली?” आणि उठून स्वतः बघून यायची. यात माझ्यावरचा अविश्वास मुळीच नव्हता. ‘तू खोटं बोलत नाहीस रे, पण तुला खरं माहीत आहे कशावरून?’ असं तिचं साधं म्हणणं. एकदा आम्ही रतलामला लग्नाला निघालो होतो. इंदूर स्टेशनावर तिनं आधी बोर्ड वाचला, मग हमालाला विचारलं, मग डब्यातल्या दोन प्रवाशांना, आणि एवढ्यावर समाधान होईना म्हणून थेट इंजिनापाशी जाऊन ड्रायव्हरला म्हणाली, “भाईसाब, ये गाड़ी रतलामच जाएगी ना?” तो बिचारा हसून म्हणाला, “माताजी, मुझे तो यही बताया है.” झालं! मामी परत आली ती चेहरा पाडून. “ऐकलंस? यालाही कुणीतरी सांगितलंच आहे!” रतलामचा फलाट दिसेपर्यंत तिनं शिदोरी उघडली नाही.

मामी आणि मामा राजेंद्र नगरात राहायचे. मामा मिलमध्ये लूम खात्यात मास्तर होते. लूम खातं म्हणजे शेकडो माग एकदम धडधडणारी जागा. तिथं आयुष्य काढल्यामुळे मामांना कमी ऐकू यायचं आणि आपला आवाज किती लागतो याचा अंदाज अजिबात नव्हता. ते ‘मीठ दे’ म्हणाले तरी शेजारचे जोशी काका दचकायचे. मग इंदूरच्या मिला एकेक करून बंद पडू लागल्या. मामांच्या मिलचा भोंगाही एका सकाळी वाजला नाही. आधी म्हणाले तात्पुरती बंद आहे, मग म्हणाले बोलणी चालू आहेत, मग कुणी काही म्हणेनासं झालं. त्याच सुमाराला पेपरांत मात्र रोज नवीन बातमी असायची, की आता देशाची दारं उघडली, बाहेरच्या कंपन्या येणार, पीथमपुरात कारखाने वाढणार, सगळीकडे कॉम्प्युटर लागणार. एकाच पेपरात पहिल्या पानावर हे आणि चौथ्या पानावर मिल मजुरांचं धरणं. मामा चौथं पान वाचायचे. पहिलं पान मामी वाचायची.

मी तेव्हा नुकताच बी.कॉम. झालो होतो आणि संध्याकाळच्या एका पदव्युत्तर डिप्लोमाचं माहितीपत्रक घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कारभाराची तपासणी आणि व्यवस्थापन, असा तो विषय. इंदुरात अगदी नवा. मामी लग्नाआधीची बी.कॉम. होती आणि कॉलनीतल्या पोरांना अकाउंट्स शिकवायची. तिनं ते पत्रक चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यात एक वाक्य होतं, की तपासणाऱ्यानं कुणाच्याही सांगण्यावर विसंबून राहू नये, स्वतंत्र पुरावा मागावा. मामीनं चष्मा काढला. मग म्हणाली, “अरे, म्हणजे मी घरात जे करते, त्याचा कोर्स निघालाय?”

अशा रीतीनं मी आणि माझी मामी एका वर्गात, एका बाकावर बसू लागलो. मामांना ते रुचलं नव्हतं. “या वयात पाटी-दप्तर?” एवढंच ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजात म्हणाले, त्यामुळे कॉलनीला दुसऱ्या दिवशी वेगळं सांगावं लागलं नाही. वर्गात पहिल्या आठवड्यात मी तिला ‘मामी’ म्हटलं, दुसऱ्या आठवड्यात सगळी पोरं ‘मामीजी’ म्हणू लागली, आणि दिवाळीपर्यंत आमचे सरही. हे सर नागपूरहून नुकतेच आलेले, तरुण, शुद्ध मराठी बोलणारे. आमचं हिंदीत भिजलेलं मराठी ऐकून त्यांना पहिल्यांदा वाटायचं, की आपली चेष्टा चालली आहे. मामीनं त्यांना एकदा डब्यातले पोहे पुढे करत म्हटलं, “सरजी, थोडे नाश्ता करून घ्या, सेव अलगसे ठेवली आहे.” सर पोह्यांकडे बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, “अलगसेच द्या.” त्या दिवसापासून तेही इंदुरी झाले.

कॉम्प्युटरच्या खोलीत तेव्हा चपला बाहेर काढून जावं लागे. आत गारेगार एसी. मामी पायमोजे, शाल आणि कानटोपी अशा तयारीनं यायची, मे महिन्यातही. फ्लॉपी ती पोळ्यांच्या डब्यात, रुमालात गुंडाळून ठेवायची, आणि एकदा घाईत भलताच डबा सकाळी बाहेर निघालेल्या मामांबरोबर गेला, तेव्हा मामांनी दुपारी रुमाल उघडून काय पाहिलं असेल, याची कल्पना करून आम्ही आठवडाभर हसत होतो. सर एकदा म्हणाले, “कॉम्प्युटर स्वतःहून चूक करत नाही.” मामीनं हात वर केला. “कोण म्हणालं?” “पुस्तकात आहे, मामीजी.” “आणि पुस्तकवाल्याला कोण म्हणालं?” सरांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, “हा प्रश्न परीक्षेत लिहा, मार्क मिळतील.”

पण सगळ्या जगावर संशय घेणारी ही बाई पासवर्डच्या बाबतीत मात्र अगदी भोळी होती. टाइप करताना प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हटल्याशिवाय तिला कीबोर्डवरची की सापडायचीच नाही. “जी... ए... एन... कुठे गेला रे एन? हां, मिळाला... ए...” तोवर खोलीतल्या सगळ्यांना कळलेलं असायचं, की आज गणपती आहे, काल मारुती होता. सर कळवळून म्हणायचे, “मामीजी, पासवर्ड गुप्त ठेवायचा असतो हो!” मामी आजूबाजूला पाहून म्हणायची, “इथे कोण परकं बसलंय?” गुप्तता या विषयात मात्र ती वर्गात पहिली आली होती.

मामा त्या दिवसांत रोज सकाळी पूर्वीसारखेच डबा घेऊन निघायचे. “लेबर ऑफिसात मीटिंग आहे,” कधी “युनियनवाल्यांनी बोलावलंय.” एका दुपारी मी बडा गणपतीच्या चौकाकडून येत होतो, तर एका बंद दुकानाच्या ओट्यावर मामा बसलेले. शेजारी त्यांच्याच खात्यातले दोघे-तिघे. डबा मांडीवर, न उघडलेला. मी सायकल वळवली आणि दुसऱ्या गल्लीनं गेलो. संध्याकाळी वर्गाच्या बाहेर चपला काढताना मी मामीला म्हटलं, “मामी, मामांना आज मी...” तिनं माझं मनगट धरलं. “नको सांगू.”

“अगं, पण ते लेबर ऑफिसात...”

“मी विचारलं का तुला?” ती इतक्या हळू बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली. “काही गोष्टी ज्याच्या त्यानं सांगायच्या असतात, भिया. तोवर आपण डबा भरून द्यायचा.” आणि पायमोजे नीट ओढून ती आत गेली. जिनं इंजिन ड्रायव्हरला सोडलं नाही, तिनं स्वतःच्या नवऱ्याला इतक्या महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला आणि मामी प्रोग्रामिंगमध्ये नापास झाली. बाकी सगळे विषय उत्तम, पण प्रोग्राम लिहिणं तिच्या हाताला लागलंच नाही. तिनं सरांकडे पेपर बघायला मागितला. सरांना वाटलं, आता भांडण. मामीनं तासभर पेपर तपासला आणि एका उत्तरावर बोट ठेवलं. “सरजी, हे चूक आहे. याला मार्क कसे दिले?” सर म्हणाले, “अहो, तुमची मेहनत दिसली म्हणून...” “मेहनत कुठे दिसली? चुकलेलं आहे ते. नापासच करायचं आहे ना, मग नीट नापास करा!” सरांनी हात जोडले. आम्ही बाहेर आलो तोपर्यंत ती हसत होती. टेम्पोत बसल्यावर मात्र तिनं खिडकीकडे तोंड केलं ते राजेंद्र नगर आल्यावरच वळवलं.

घरी मामा चहा घेत होते. मामी म्हणाली, “अहो, मी नापास झाली. आता नाही जाणार. कोचिंगची पोरं वाढवते, तेच बरं.” मला वाटलं, मामा म्हणणार, ‘मी आधीच म्हटलं होतं.’ त्यांनी कप खाली ठेवला.

“मिल उघडणार नाही,” मामा म्हणाले. त्यांच्या त्याच आवाजात. शेजारी जोशी काकांचा रेडिओ बंद झाला. “मीटिंग-बिटिंग काही नसते. मी जातो, आणि बसतो. कधी गेटवर, कधी बडा गणपतीला. डबा खातो आणि येतो. कधी खात पण नाही.”

मामी म्हणाली, “मला माहीत आहे.”

“माहीत आहे? मग बोलली का नाही?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबली.”

मामांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग तसंच खाली बघत म्हणाले, “माझं संपलं ते संपलं. तू नको सोडू. ते जे काय नापास झालीस, त्याचं पुस्तक आण.”

त्यानंतरचे महिने कॉलनीनं सहन केले ते केवळ शेजारधर्म म्हणून. मामी स्वयंपाक करायची आणि मामा दारातल्या ओट्यावर बसून तिला प्रोग्राम वाचून दाखवायचे. एका अक्षराचा अर्थ ठाऊक नसताना, भर लूम खात्यात ऐकू जाईल अशा आवाजात. “ओपन इनपुट फाइल! पूर्णविराम!” पूर्णविराम ते आवर्जून म्हणायचे, कारण मामी नेमकी तोच विसरायची. जोशी काका मला एकदा रस्त्यात अडवून म्हणाले, “अरे, ती फाइल रोज उघडतात, पण बंद कधी करतात?” मी घरी येऊन पाहिलं, तर मामीच्या प्रोग्राममध्ये खरोखरच फाइल बंद करायची राहिली होती. दुसऱ्या खेपेला मामी पास झाली. पुढल्या वर्षी डिप्लोमा मिळाला, आणि पीथमपुरातल्या एका कारखान्याच्या तपासणी विभागात तिला नोकरी लागली. मुलाखतीत काय विचारलं म्हटल्यावर म्हणाली, “त्यांनी कमी विचारलं, मीच जास्त विचारलं.”

पहिल्या दिवशी तिला कंपनीच्या बसपर्यंत पोचवायला मी आणि मामा गेलो. डबा मामांनी भरला होता. पोळ्यांना आकार कसले कसले आले होते. मामी खिडकीशी बसली, काच बंद होती. इंजिन घरघरत होतं, बाहेरचं काही आत जात नव्हतं. ती काचेआडून काहीतरी म्हणत होती, बहुधा गॅसबद्दल. तेव्हा मामांनी दोन्ही हात छातीपुढे उचलले, एक तळवा खाली दाबला, दुसरा वर नेला आणि बोटं पसरून तिच्याकडे दाखवली. मामी बोलायची थांबली. मग तिनं मान हलवली आणि पदर डोळ्यांना लावला. बस निघाली.

“काय म्हणालात?” मी विचारलं.

“लूम खात्यात बोललेलं ऐकू येत नाही रे,” मामा म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान झाला होता. “तिथं सगळं हातानंच, तिलाही त्या खुणा ठाऊक आहेत. आल्या माणसाला सांगायचं, की माझी शिफ्ट सुटली, तुझी लागली. आता माग तू सांभाळ.”

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मिलच्या जागेवरून जाताना आज कुणाला आवाज चढवून बोलावं लागत नाही. मामी निवृत्त होऊन राजेंद्र नगरातच असते. परवा तिच्याकडे गेलो, तेव्हा बोलता बोलता मी म्हटलं, मामा ती खूण नक्की कशी करायचे गं? तिनं चहाचा कप बाजूला ठेवला, दोन्ही हात छातीपुढे उचलले, एक तळवा खाली नेला आणि मध्येच थांबली. हात तसेच हवेत धरून त्या हातांकडेच बघत राहिली.

“नाही रे,” ती म्हणाली, “यांचे हात मोठे होते. माझ्यानं तशी होत नाही.”