माझा विळा

कापलेल्या भाताचा ओला वास आला की मला डोळखांबची ती कापणी आठवते. त्या वर्षी माझं मन आजारी होतं आणि भीतीपोटी आईने माझा विळा लपवून ठेवला होता. मुरबाडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई माझ्या झोपेचं, भुकेचं मला विचारत आणि उत्तर मात्र आई देई. शेवटी बाईंनी तिला हातानेच थांबवलं. "तुला काय हवंय?" त्यांनी मला विचारलं. "माझा विळा पायजे," मी म्हणाले. आई दचकली. "नाय गो बाय, काय करून घेतलंस तर?" मी न रडता सांगितलं, "मनात वाईट आलं तर मीच तुझ्या हातात आणून देईन. तवर तो माझा." बाई आईला म्हणाल्या, "तिने ठरवलंय, आपण मानू या." दुसऱ्या दिवशी बांधावर आईने पदराखालून विळा काढला आणि मूठ माझ्याकडे करून पुढे धरला. दुपारपर्यंत माझी कापणीची पात सगळ्यांच्या पुढे गेली होती आणि मागून आई हसत ओरडत होती, "थांब गो, आमी मागं रायलो!" बाईंनी दिलेली गोळी आजही चालू आहे. वाईट दिवस येतात, तेव्हा विळा मीच आईकडे देते, आणि परत मागूनही मीच घेते.