चेंडू तुमच्या कोर्टात

आमच्याकडे स्थळाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. पत्रिका जुळत नाही म्हणायचं, नाहीतर पूर्ण होणार नाही अशी अट घालायची. समोरचा काय ते समजतो.

माझ्या मुलीला कऱ्हाडजवळच्या एका गावातून स्थळ आलं. मुलगा चौतीस वर्षांचा, सहा एकर बागायती ऊस, चार म्हशी, व्यसन नाही. तरी त्याला आधी अकरा ठिकाणी नकार मिळाला होता. हल्ली शेती करणाऱ्याला मुलगी देत नाहीत. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. तिने फोटोही पाहिला नाही. मुलाचे वडील सांगलीला आमच्या घरी आले, तेव्हा मी त्यांना सांगितलं की मुलगा पुण्यात नोकरीला लागला तर विचार करू. आता चेंडू तुमच्या कोर्टात.

हे वाक्य आमच्या ऑफिसातलं. फाइल दुसऱ्याच्या टेबलावर ढकलली की साहेब ते म्हणत. मीही तेवीस वर्षं म्हणत आलो, आणि बहुतेक वेळा फाइल परत येऊ नये म्हणूनच. मुलाच्या वडिलांनी अर्थ विचारला. टेनिसमध्ये चेंडू जाळीपलीकडे गेला की तो परतवायचं काम समोरच्याचं, एवढं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

पाच महिन्यांनी ते पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे. मुलगा पुण्यात एका गोदामावर सुपरवायझर झाला होता. म्हशी विकल्या होत्या, ऊस वाट्याने लावून दिला होता.

"पावणं, तुमी म्हणला तसं केलं. आता तुमी बोला."

मुलीचं लग्न ठरून तीन महिने झाले, असं मी सांगितलं.

ते बराच वेळ पुड्याची दोरी सोडत-बांधत बसले. मग म्हणाले, "आवं, मग कळवायचं तरी."

"उत्तर तुमच्याकडून यायचं होतं," मी म्हणालो. हिशेबाने माझं बरोबर होतं. त्यांनाही ते पटलं, हे मला दिसलं.

बायकोने चहा आणला. त्यांनी अर्धाच घेतला. निघताना उंबऱ्यात थांबून त्यांनी विचारलं, "पोराला माघारी बोलवू, का ऱ्हाऊ दे तिथंच? तुमी शिकल्याली माणसं."

"ते तुमचं तुम्ही ठरवा," मी म्हणालो. "कऱ्हाडची गाडी सव्वाचारला आहे."