आबांचा उपास

प्रदर्शन हा शब्द तेव्हा सेलूत कुणाच्या तोंडी नव्हता. नुमाईश म्हणायचे सगळे. परभणीच्या एका शाळेत चित्रांची नुमाईश भरली होती आणि तिथं माझं चित्र लागलं होतं. जिनिंगमध्ये कापूस निवडणाऱ्या बाया. केसांत कापूस, पापण्यांवर कापूस. मी मॅट्रिक झाले होते. ड्रॉइंगचे मास्तर घरी येऊन आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगून गेले होते की हैदराबादला चित्रकलेचं कॉलेज आहे, मुलींच्या राहण्याची सोय आहे, पोरीला पाठवा. फॉर्मही त्यांनीच आणून दिला. बापाची सही तेवढी राहिली होती. नुमाईश आटोपली की मास्तर त्याच संध्याकाळी हैदराबादला निघणार होते, तेव्हा फॉर्म त्यांच्या हाती द्यायचा. "परभणीत करू की सही," आबा म्हणाले आणि मी खरं मानलं. सतरा वर्षांची होते, अक्कलही तेवढीच.

आत्याही सोबत निघाली. जन्मात कधी चित्राकडं न बघणारी बाई. तिनं मला आपलं नवं लुगडं नेसवलं, अंबाडा घातला, वर गजरा. मला वाटलं, चित्र लागलंय म्हणून लाड चाललेत. गाडीत आबा खिडकीबाहेरच बघत होते. फॉर्म माझ्या पिशवीत होता. मानवत रोड येईपर्यंत मी तो तीनदा चाचपला.

शाळेच्या त्या हॉलमध्ये माझं चित्र दाराजवळच टांगलं होतं. मी त्याच्याजवळ उभी राहिले ती हललेच नाही. थोड्या वेळानं एक जाडशा बाई आल्या, मागं त्यांचे मालक आणि खाली मान घालून एक तरणा मुलगा. बाईंनी विचारलं, हे तूच काढलंस का, किती दिवस लागले, दिव्याखाली बसून काढतेस तर डोळे दुखत नाहीत ना, चष्मा तर नाही ना. मग म्हणाल्या, हात बघू. मी हात पुढं केला. नखाखाली निळा रंग होता, तोही हौसेनं दाखवला. पलीकडच्या भिंतीवरच्या चित्राखाली काय लिहिलंय ते जाऊन वाच म्हणाल्या, तर मी चालत गेले आणि मोठ्यानं वाचलं. वाटलं, किती जाणती माणसं आहेत परभणीत. मुलगी बघायला पाहुणे आपल्या घरी येतात, आपण पाट मांडतो, पोहे करतो. नुमाईशीत कोण बघतं? बाई गं, माझं मलाच हसू येतं आता, आणि रागही येतो.

आत्या म्हणाली, ही आपल्या ओळखीचीच माणसं आहेत, जेवण त्यांच्याकडंच आहे. नानलपेठेत घर होतं, अंगणात आड. पुरणाचा घाट घातलेला. बाईंनी मलाच वाढायला सांगितलं. पाहुण्या पोरीला कुणी वाढायला लावतं का, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. मी पोळ्यांचं ताट घेऊन पंगतीत शिरले, तर आबा पानावर नव्हतेच. खांबाला टेकून बाजूला बसले होते.

"मला वाढू नको. उपास हाय माझा."

बुधवार होता. आणि आमच्या आबांचा उपास म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी. बाईंनी दुधाचा पेला पुढं केला, तोही त्यांनी हात जोडून परत केला. तेव्हा बाई कौतुकानं आत्याला म्हणाल्या, "लय रीतीचं घर हाय तुमचं."

माझ्या हातातलं ताट जड झालं. आमच्याकडं लेक ज्या घरी दिली त्या घरचं बाप पाणीसुद्धा घेत नाही, नातवाचं तोंड बघेपर्यंत. म्हणजे हे बघणं नव्हतं. मला देऊन टाकलं होतं. गेल्या आठवड्यात आबा कापसाच्या भावासाठी म्हणून परभणीला आले होते, तेव्हाच सुपारी फुटली असणार. दारापर्यंत चार पावलं होती, आणि मी त्या दारातून कुठं जाणार होते?

तरी गप्प बसवेना. आत गेले, आडाच्या पाण्यानं तांब्या भरला, पेला घेतला आणि आबांच्या समोर नेऊन ठेवला.

"आबा, पाणी घ्या."

पंगतीतले हात थांबले. आत्या डोळे वटारून बघत होती. आबा प्याले असते तर दिलेला शब्द तिथंच मोडला असता, हे त्यांनाही कळत होतं, मलाही. वैशाखातली दुपार, सकाळपासून माणूस कोरडा. ओठ पांढरे पडले होते. त्यांनी पेल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तहान न्हाई, बाई."

मग त्या बाईंनी माझी ओटी भरली. मी पदर पसरला. दुसरं काय करणार होते?

संध्याकाळी स्टेशनवर पोचल्याबरोबर आबा नळाकडं धावले. ओंजळीनं पीत राहिले, कोपरावरून पाणी गळून सदरा भिजला तरी थांबेनात. मास्तर फलाटावर माझी वाटच बघत होते. आबांनी तोंड पुसलं आणि त्यांना सांगितलं की आवंदा काही जमत नाही. मास्तर बरं म्हणाले. मी फॉर्म पिशवीतून काढलाच नाही.

माणसं वाईट नव्हती, हे मी सांगून टाकते. माझं चित्र सासूबाईंनी काच बसवून ओसरीत लावलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं. मी पुन्हा ब्रश धरला नाही. चौथ्या वर्षी मुलगा झाला. बारशाला आबा आले, नातवाचं तोंड बघितलं आणि पहिल्यांदा माझ्या घरी पाणी मागितलं. मी त्याच आडाचं पाणी त्याच तांब्यातून दिलं. घटाघटा प्याले.

"गोड हाय गं पाणी."

मी म्हटलं, "आबा, त्या दिवशीही गोडच होतं."