डोलकाठीच्या दहा तारा

धक्क्यावर तिला सगळे काकी म्हणत, तिच्यापेक्षा थोरलेसुद्धा. बावीस वर्षं तिनं शिडं शिवण्याच्या कारखान्यात काढली होती. नवरा जहाजांची इंजिनं दुरुस्त करायचा. दोघांनी गाठीशी बांधलेलं सगळं ओतून एक जुनी शिडाची यॉट घेतली आणि आठवड्याच्या भाड्यानं सहा-सहा पाहुण्यांना बेटांवरून फिरवून आणायला सुरुवात केली. सुकाणू आणि इंजिन नवऱ्याकडे; शिडं, स्वयंपाक आणि पाहुण्यांचे रुसवेफुगवे काकीकडे.

पाच-सहा वर्षं बरी गेली. मग उष्ण समुद्रानं हिसका दाखवला. तिथलं ऊन असं, की नवं शीड तीन वर्षांत चिंधी. खाऱ्या हवेनं इंजिनाचे नळ पोखरले. यॉटच्या बुडाला शिंपले चिकटत, म्हणून वर्षातून दोनदा नाव बाहेर काढून खरवडायची. धक्क्याचं भाडं वाढलं, डिझेल वाढलं. नवरा म्हणे, "हत्ती पोसणं परवडलं!"

त्यात लागोपाठ दोन वादळं झाली आणि विमा दुप्पट झाला. वर विम्याचा तपासनीस येऊन सांगून गेला, "डोलकाठीला ताणून धरणाऱ्या दहाही तारा जुन्या झाल्यात. बदलल्याशिवाय विमा नाही." गोदीनं खर्च सांगितला तो अर्ध्या हंगामाच्या कमाईएवढा.

"विकून टाकू," नवरा म्हणाला. "दलाल मागेच लागलाय."

"निम्म्या किमतीला मागतोय तो. आणि मग मी काय करू, खिडकीत बसून दुसऱ्यांची शिडं मोजू? अहो, तारा बदलणं म्हणजे काही चंद्रावर जाणं नव्हे."

डोलकाठ्यांच्या तारा बसवणाऱ्या एका म्हाताऱ्या तारवाल्याला तिनं गाठलं. त्याच्या सहीला विमावाले मान देत.

"माझे गुडघे गेलेत बाई. मी चढणार कसा?"

"चढायचं मी. तुम्ही खाली खुर्ची टाकून ओरडा."

"ओरडायचे पैसे घेईन हं."

"घ्या की! चढायचे वाचतायत माझे."

पहिल्या दिवशी अर्ध्यावर पोचून तिनं काठीला घट्ट मिठी मारली. खाली नवरा तिचा दोर धरून उभा होता, चेहरा पांढराफटक. ती वरूनच ओरडली, "अहो, सगळी भीती तुम्हीच संपवू नका, मला ठेवा थोडी!" तारवाला खो खो हसला, आणि ती पुन्हा वर चढू लागली.

चौथ्या दिवशी काठीच्या टोकाची, तार अडकवायची एक कडी सोडवताना तिच्या बोटांना कडीवर केसाएवढी चीर जाणवली. तारवाल्यानं ती कडी हातात फिरवून पाहिली. "पुढच्या जोराच्या वाऱ्यात काठी खाली आली असती," तो हळूच म्हणाला. काठीखाली बसून जेवणारे सहा जण काकीच्या डोळ्यांपुढे आले. त्या दिवसापासून तिनं खर्चाच्या नावानं बोटं मोडली नाहीत.

नऊ दिवसांत काम झालं, सही मिळाली, विमाही झाला. मग काकीनं भाडं एकतृतीयांशानं वाढवलं.

"गिऱ्हाइकं पळतील," नवरा म्हणाला.

"पळतील ती पळू देत."

जुन्या पाहुण्यांना तिनं त्या चिरलेल्या कडीचा फोटो पाठवला आणि काय काय नवं केलं ते साध्या शब्दांत कळवलं. एका गृहस्थांचा फोन आला, "दुसरीकडे स्वस्त मिळतंय."

"मिळत असेल. त्यांनी तारा कधी बदलल्या, तेवढं विचारून घ्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन आठवडे राखून ठेवले.

त्या हंगामात आठ फेऱ्या कमी झाल्या, पण हातात पैसे मागच्याइतकेच राहिले आणि यॉटची झीजही कमी झाली. शिवाय धक्क्यावरच्या तीन मालकांनी आपल्या तारांचं काम काकी आणि तारवाल्याला दिलं. यंदा विमा पुन्हा वाढलाय. पत्र वाचून नवऱ्यानं कपाळाला हात लावला. काकीनं भाड्याचा नवा आकडा टाकला आणि डोक्याला रुमाल बांधून शेजारच्या बोटीच्या काठीवर चढायला गेली.