मालनची साक्ष

आज आमच्या चाळीतला विनीत कोर्टातून निर्दोष सुटला. चाळीत पेढे वाटले. आमच्या घरचा पेढा देवापुढे ठेवलाय, तो उचलून खावासा वाटत नाही. म्हणून मालनबद्दल लिहायला बसले.

मालन आमच्या काळाचौकीच्या चाळीत तीन खोल्या सोडून राहते. परळच्या मोठ्या इस्पितळात सव्वीस वर्षं सिस्टर आहे. आईचं आजारपण काढता काढता लग्नाचं वय सरलं. चाळीत कुणाला इंजेक्शन द्यायचं असलं की तिचंच दार वाजायचं. जीभ मात्र तिखट. माझी साखर तपासून म्हणायची, "वहिनी, नैवेद्य देवाला दाखवा, पण सगळा तुम्हीच संपवू नका."

दोन वर्षांपूर्वी आषाढात विनीतच्या वडिलांना, आमच्या तात्यांना, छातीत कळ आली. त्यांना परळलाच नेलं, तेव्हा मालन कॅज्युअल्टीतच होती. तिने आणि रुचा नावाच्या शिकाऊ डॉक्टरने पाऊण तास त्यांची छाती दाबली. तात्या गेलेच. रुचाने तसं सांगताच विनीत तिच्या अंगावर धावला. मालन मध्ये पडली आणि त्याने सलाईनचा लोखंडी स्टँड तिच्या कानशिलावर मारला. लहानपणी ह्याच पोराचे फुटलेले गुडघे तिने बांधले होते. तिच्या डाव्या कानाचा पडदा गेला.

इस्पितळाने तक्रार केली. डॉक्टर-नर्सवर हात उचलला तर तीन वर्षांपर्यंत कैद, असा कायदाच आहे. महिन्याभराने विनीतला जामीन मिळाला, पण केस उभी राहिली. बघणारे बाकीचे पांगले होते. साक्षीला उरल्या रुचा आणि मालन.

पोराचं नाव घेऊ नकोस म्हणून तात्यांची बायको मालनच्या पाया पडली. मालन तिला उठवत म्हणाली, "तात्या माझे कोणी नव्हते का? पण मी गप्प बसले तर उद्या रुचासारख्या पोरी वॉर्डात उभ्या कशा राहतील? कोर्टात खरं तेच सांगणार."

मग मला सुचलं, गणपतीत गाऱ्हाणं घालू. एकाने देवापुढे मागणं मांडायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून ते उचलून धरायचं. असं सगळ्यांनी मिळून मागितलेलं आम्हा कोकणातल्या माणसांना मोडवत नाही, मग स्वतः होकार दिलेला असो वा नसो. मला ते ठाऊक होतं. मंडळाच्या गणपतीपुढे आरती झाल्यावर आमचे हे पुढे झाले. "मालनच्या मनात दया येऊ दे, ह्या पोराची केस सुटांदे रे म्हाराजा." सगळी चाळ म्हणाली, "व्हय म्हाराजा." मीही म्हणाले. मालन माझ्या शेजारीच हात जोडून उभी होती. तिचे ओठ हलले नाहीत. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "वैनी, देवाक मधी घातलात?"

गेल्या महिन्यात साक्ष झाली. सोबत मी गेले होते. रुचाने आधीच सगळं खरं सांगितलं होतं. मालनला विचारलं, मारणारा माणूस इथे हजर आहे का? "गर्दी होती," ती म्हणाली. "चेहरा दिसला नाही."

बाहेर रुचा तिच्या डाव्या बाजूने येऊन म्हणाली, "सिस्टर, तो फटका तुम्ही माझ्यासाठी खाल्ला होता ना?" मालन तशीच जिना उतरत गेली. तिला ऐकूच गेलं नव्हतं. ऐकलं ते मी, आणि ते अजून तिला सांगितलेलं नाही.

मार खाणारीनेच ओळखलं नाही, तेव्हा एकट्या रुचाची साक्ष कोर्टाला पुरली नाही. आज संध्याकाळी मालनकडे गेले. कॉटवर कोरा कागद घेऊन बसली होती. नोकरीची चार वर्षं शिल्लक आहेत, तरी सोडतेय म्हणाली.

"अगं, का?"

"नव्या पोरी घाबरतात. त्यांना आता मी काय सांगू?"

तिने कागद माझ्यापुढे सरकवला. "तुमचं अक्षर चांगलं आहे. तुम्हीच लिहा."

मी अर्ज लिहायला घेतला. कारणापाशी पेन थांबलं.

"प्रकृती ठीक नाही, असं लिहा," ती म्हणाली.

मी तसं लिहिलं. तिने खाली सही केली.